माया संपली, ताई

"माया संपली, ताई," मास्तर म्हणाले.

नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या बोळात त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक फळी आणि गिऱ्हाइकाने उभं राहायची पायरी. माझा ब्लाउज उलटा करून त्यांनी मांडीवर घेतला होता. येवल्याच्या पैठणीतलाच तो, जांभळा, कोपरापर्यंतच्या बाह्यांना हिरव्या मुनियांचा काठ. ब्लेडच्या टोकाने बगलेतली शिवण टचटच उसवत ते कमरेपर्यंत आले आणि थांबले. कडेच्या इंटरलॉकवर बोट ठेवलं. आता सोडायला शिवणीत जादा कापड राहिलं नव्हतं. उसवलेल्या पट्टीत कापडाचा मूळ रंग तसाच होता, गडद, ओल्या जांभळासारखा. बाहेरचं कापड नऊ वर्षांत जरा विटलेलं. आणि त्या गडद पट्टीवर एकीशेजारी एक अशा सुईच्या भोकांच्या तीन ओळी. पहिली २०१९ ची, नणंदेच्या वास्तुशांतीच्या वेळची. दुसरी लॉकडाऊन उठल्यानंतरची. तिसरी दोन वर्षांपूर्वीची. माझ्या फायलीतसुद्धा माझ्या वजनाची इतकी नीट नोंद नसेल.

पुतणीचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय आणि ही पैठणी नेसायचं कबूल करून बसलेय. मास्तरांनी उपाय सुचवला: बाह्या आखूड करू, काठ वर चढवू, निघालेलं कापड बगलेत घालू. रंगाला रंग मिळेल, कुणाला कळणार नाही. मी दंडाकडे पाहिलं. एकदा वजन उतरून गेल्यावर दंडाखाली कातडीची जी झोळी राहिली, ती वजन परत आल्यावरही पुरती भरली नाही. ती झाकायला तर लांब बाह्या. "विचार करून सांगते," म्हणाले आणि पायरी उतरले. मेन रोडवर स्कूटर काढेपर्यंत ते वाक्य डोक्यात घोळत होतं. शिवणकामातला साधा शब्द. पण कुणी तोंडावर म्हणालं की माया संपली, तर जरा लागतंच.

हा ब्लाउज २०१७ मध्ये शिवला तेव्हा मी ७२ किलोची होते. मास्तरांनी दोन्ही बाजूंना चांगली दीड-दीड इंच माया ठेवली होती आणि मी चिडले होते. एवढी कशाला? मी काही आता वाढत नाही. ते म्हणाले, "असू द्या की, कापड तुमचंच आहे."

२०१५ च्या सिंहस्थाची शेवटची पर्वणी झाली, रस्त्यातले बांबू निघाले, आणि महिन्याभराने मी ॲडमिट झाले. वजन १२१, उंची १५७ सेंटीमीटर. स्लीव्ह नावाचं ऑपरेशन: जठराची निमुळती नळी ठेवायची आणि बाकीचं, म्हणजे रुपयातले बारा आणे, स्टेपलने शिवून कापून बाहेर काढायचं. सगळं दुर्बिणीतून, पाच लहान छेदांमधून. घरात नवऱ्याशिवाय कुणालाही खरं सांगितलं नाही. सासूबाईंना, जाऊबाईंना, बँकेतल्या सगळ्यांना एकच उत्तर: पित्ताशयात खडे झालेत. खड्यांना कुणी नावं ठेवत नाही. खडे होतात. जाडी मात्र होत नाही, ती आपण करून घेतो, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटत होतं, नाहीतर खोटं कशाला बोलले असते?

पंधरा दिवसांवर दिवाळी होती. मला फक्त पातळ पदार्थ: डाळीचं वरवरचं पाणी, गाळलेलं ताक, नारळपाणी. औषधाच्या बाटलीच्या टोपणाएवढा कप, तीस मिलीचा, आणि तो संपवायला मी पंधरा मिनिटं लावायची. सासूबाई स्वयंपाकघरात चकल्या तळत होत्या. तेल तापल्यावर येणारा तो ओव्याचा, तिळाचा वास पॅसेजमधून वळून माझ्या खोलीत यायचा आणि मला काही व्हायचं नाही. काही म्हणजे काहीच नाही. जन्मभर कुणीतरी सतत कानाशी बोलत असावं आणि एका दुपारी अचानक गप्प व्हावं, तसं. भुकेची हाक देणारं घ्रेलिन मुख्यतः जठराच्या त्या कापून टाकलेल्या भागात तयार होतं, हे डॉक्टरांनी समजावलं होतं. पण ती शांतता कशी असेल हे कुणी सांगितलं नव्हतं. मी पलंगावर बसून रडले. सासूबाईंना वाटलं, फराळ खाता येत नाही म्हणून रडतेय. त्यांनी माझ्यासाठी चार चकल्या डब्यात काढून ठेवल्या, "बरी झालीस की खा" म्हणून. त्या चकल्यांचं पुढे काय झालं आठवत नाही.

मग खोट्याने माझ्यावर सूड उगवला. २०१७ मध्ये मला खरोखरच पित्ताशयात खडे झाले. वजन झपाट्याने उतरलं की होतात, डॉक्टरांनी आधी बजावलं होतं. आता जाऊबाईंना काय सांगू? त्या डबा घेऊन भेटायला आल्या, खुर्चीत बसल्या, आणि म्हणाल्या, "अगं, पण तुझं पित्ताशय तर दोन वर्षांपूर्वीच काढलं ना?" मी म्हणाले, "थोडं राहिलं होतं." त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, बंद केलं. पुढे काही विचारलं नाही. त्यांना कळलं असेल का, हे मी इतकी वर्षं स्वतःलाच विचारतेय. लग्न त्यांच्याच मुलीचं आहे.

चांगली वर्षं लिहायला घेतली की मला काही सुचत नाही. दुकानात जाऊन लटकवलेला कुर्ता थेट घालून पाहणं. रिक्षात तिघींच्या मध्ये बसणं. वणीच्या गडाच्या पायऱ्या न थांबता चढले, वर जाऊन देवीसमोर उभी राहिले आणि मनात नवस-बिवस काही नाही, फक्त ‘धाप लागली नाही, धाप लागली नाही’ एवढंच. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, गडावर ट्रॉली सुरू झाली. गेल्या नवरात्रात मी ट्रॉलीने गेले. काचेतून पायऱ्या दिसत होत्या.

वजन परत आलं ते वाजतगाजत नाही आलं. स्लीव्ह झाल्यावर पोळीचा घास नीट चावला नाही तर छातीत अडकतो, तोंडात फेस येतो, बाथरूमकडे पळावं लागतं. चिकनचंही तेच, आणि नीट न भिजलेल्या मटकीच्या उसळीचं तेच. म्हणजे जे खायला हवं ते अडकतं. आणि चिवडा अडकत नाही. आपल्या नाशिकचा चिवडा, पातळ पोह्यांचा, तळलेल्या कांद्याचा, तो दातांखाली कुरकुरतो आणि जिभेवर विरतो; पोटाला तो आल्याचं कळतसुद्धा नाही. बँकेत माझ्या ड्रॉवरमध्ये एक पुडा असायचा, रबर लावलेला. कॅश टॅली होईपर्यंत चिमूट चिमूट. एका वेळी वाटीभर खाता येत नाही म्हणून मी चार तास खायचे. आइस्क्रीमही तसंच, घसरत जातं. जेवताना आणि जेवल्यावर अर्धा तास पाणी नाही, हा नियम पहिली दोन वर्षं घड्याळ लावून पाळला; मग कधी मोडला ते त्या चकल्यांसारखंच आठवत नाही. त्यात लॉकडाऊन, त्यात पाळी जायचे दिवस, त्यात सासूबाईंचं आजारपण आणि रात्री साडेदहाला सगळं आवरल्यावर फ्रिजच्या उजेडात उभं राहणं. ७२ चे ७८, ७८ चे ८६. आज ९८.

१२१ मधून ९८ गेले तर २३ उरतात. २३ किलो मी अजूनही कमी आहे. हा हिशोब मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, आणि दिवसभर लोकांचे हिशोब जुळवणाऱ्या मलाही तो परवापर्यंत सुचला नव्हता.

परवा म्हणजे सर्जनकडे गेले तेव्हा. खरं तर गेले होते ॲसिडिटीसाठी. दोन वर्षं मी दोन उशा घेऊन झोपते. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्यात. तरी रात्री तीनला घशाशी कडू-आंबट काहीतरी येतं, मी ठसक्याने उठून बसते आणि मग गॅलरीत खुर्ची टाकते. २०२७ च्या सिंहस्थासाठी आमचा रस्ता खणून ठेवलाय. रात्री काम चाललं असेल तर जेसीबीचा पिवळा दिवा भिंतीवर फिरत असतो. मी घोट घोट पाणी पिते आणि खालच्या खड्ड्यात उतरलेल्या माणसांकडे बघत बसते. एंडोस्कोपीत निघालं की अन्ननलिकेला खालच्या बाजूला सूज आहे आणि हायटस हर्नियाही आहे, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकलाय. स्लीव्हनंतर हे बऱ्याच जणांना होतं. नळी अरुंद, आतला दाब जास्त, आम्लाला वर यायला वाट मोकळी.

डॉक्टरांनी लेटरहेडच्या मागे चित्र काढलं. "ही तुमची स्लीव्ह. स्लीव्ह म्हणजे बाही. ही बाही थोडी सैल झालीय, पण सगळा दोष तिचा नाही." मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला विचित्र हलकं वाटलं. स्वीडनमध्ये वजनाच्या ऑपरेशनवाल्यांचा १९८७ पासून मागोवा घेतलाय. ऑपरेशनचे प्रकार तेव्हा वेगळे होते, पण त्यांचंही वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सगळ्यांत खाली गेलं आणि मग हळूहळू थोडं वर आलं. उतरलेलं शरीर कमी जाळतं आणि जास्त मागतं. म्हणजे माझ्या ड्रॉवरमधला चिवडा खरा, पण तो एकटा आरोपी नाही. इतकी वर्षं मी त्याला एकट्यालाच पिंजऱ्यात उभं केलं होतं. त्याला आणि स्वतःला.

दुसरं ऑपरेशन म्हणजे बायपास. नळीच्या वरच्या टोकाची अंड्याएवढी थैली करायची आणि लहान आतडं वर आणून तिला जोडायचं. आम्ल घशाकडे यायची वाट तुटते. वजनही उतरेल, पण पहिल्या वेळेइतकं नाही. आत सगळं चिकटलेलं असतं, त्यामुळे टाके गळण्याचा धोका पहिल्यापेक्षा जास्त. लोह, बी-१२, कॅल्शियम जन्मभर. गोड खाल्लं की धडधड, घाम, चक्कर, जुलाब. हे सगळं बोटांवर मोजून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुम्हाला वजनासाठी करायचंय की ॲसिडिटीसाठी?"

मी म्हणाले, दोन्ही.

"एकच सांगा. वजनासाठी असेल तर आधी इंजेक्शनचा विचार करू. घशासाठी असेल तर गोष्ट वेगळी."

मला उत्तर देता आलं नाही. नवऱ्याकडे पाहिलं तर तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." पंचवीस वर्षांत या वाक्याने मला जितकं एकटं पाडलंय तितकं कुठल्या भांडणाने पाडलं नसेल. तो मनापासून म्हणतो हे माहीत असूनही.

खाली विम्याच्या टेबलावर वेगळीच गंमत. नियम असा की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४० किंवा त्याहून जास्त हवा. ३५ च्या पुढे असेल तर सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास यातलं काहीतरी हवं. घशाशी येणं त्या यादीत नाही. माझा बीएमआय निघाला ३९.८. तिथल्या मुलाने कॅल्क्युलेटरवर दोनदा बडवून पाहिलं, मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, सहाशे-सातशे ग्रॅम कमी पडतायत." आयुष्यात पहिल्यांदा माझं वजन कमी पडलं. मी इतकी हसले की शेजारच्या बाकावरच्या बाई वळून बघायला लागल्या. रात्री मात्र त्याच वाक्याने झोप लागली नाही, कारण एक क्षणभर मी खरंच विचार केला होता की आठवडाभर मिसळ-पाव, आणि शेवटी एक मस्तानी...

इंजेक्शनांचं म्हणाल तर आमच्या बँकेत सध्या तोच विषय आहे. मौंजारो मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे आलं, जूनमध्ये वेगोव्ही, आणि तेव्हापासून डब्याच्या वेळी कोण काय टोचतंय याच्या गप्पा चालतात. उघड, हसत, रेसिपी सांगावी तशा. मी ऐकत बसते. हेवा वाटतो तो उतरलेल्या किलोंचा नाही, त्या उघड बोलण्याचा. माझ्या वेळी मी पित्ताशयामागे लपले होते. पण डॉक्टरांनी हेही सांगितलं की या इंजेक्शनांनी जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, त्यामुळे माझ्यासारखीची ॲसिडिटी वाढूही शकते. आणि थांबवली की वजन बहुतेक परत येतं. ‘परत’ हा शब्द ऐकला की माझे कान गरम होतात.

लेक पुण्याहून आली होती दिवाळीला. वीस वर्षांची आहे, शिडशिडीत. जेवताना अर्धी पोळी बाजूला ठेवून म्हणाली, "पोट भरलं." माझा घास तोंडातच राहिला. ते माझं वाक्य होतं, माझ्याच सुरातलं, ताट दोन बोटांनी पुढे सरकवायची तऱ्हासुद्धा माझीच. रात्री बाथरूममधून वजनकाट्याचा ‘टिक’ आवाज आला. ऑपरेशनच्या वेळी ती नऊ वर्षांची होती. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं, म्हणजे तिला सगळं दिसत होतं. सकाळी तिने विचारलं, "आई, परत करणार आहेस? बाबा बोलत होते फोनवर." मी म्हणाले, ठरवलं नाही. ती चहात बिस्किट बुडवत राहिली, ते तुटून आत पडलं, तिने चमच्याने काढलं. "कर किंवा करू नको," ती म्हणाली, "पण या वेळी खडे-बिडे सांगू नको. मी शाळेत सगळ्यांना तुझ्या पोटातून दगड निघाले म्हणून सांगितलं होतं."

त्या रात्री पुन्हा तीनला जाग आली. खाली काम बंद होतं, खड्ड्याभोवती लावलेली लाल-पांढरी पट्टी वाऱ्याने फडफडत होती. घसा जळत होता. आणि मला डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर गॅलरीत एकदम साधं दिसलं. समजा उद्या कुणी सांगितलं की ऑपरेशनने घसा बरा होईल पण एक किलोही उतरणार नाही, तर करशील? हो. आणि वजन उतरेल पण हे जळणं तसंच राहील, तर? नाही. नाही करणार. पहिल्या वेळी मी हा प्रश्न स्वतःला विचारूच शकले नसते, कारण तेव्हा दुखत काय होतं आणि लाज कशाची वाटत होती हे दोन्ही एकाच शिवणीत गेलेलं होतं. आता तरी पूर्ण सुटलंय असं नाही. उत्तर ‘घसा’ असं ठरवताना मनाच्या कोपऱ्यात कुणीतरी हळूच म्हणत होतंच, की सोबत पंधरा-वीस उतरलेच तर काय वाईट आहे.

सकाळी डॉक्टरांच्या असिस्टंटला फोन केला. लग्नानंतरची तारीख मिळाली. पैसे मुदत ठेव मोडून. भीती वाटते, पहिल्यापेक्षा जास्त. तेव्हा मी चाळिशीच्या आतली होते आणि टाके गळणं म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. जाऊबाईंना अजून सांगितलेलं नाही. लग्नाच्या गडबडीत कशाला, असं म्हणतेय. हे कारण मला स्वतःलाच फारसं पटत नाही.

शनिवारी बँक सुटल्यावर मास्तरांकडे गेले. ब्लाउज तसाच उसवलेला, फळीवर घडी घालून ठेवलेला. मास्तर खडूने कुणाच्या तरी ब्लाउजचा गळा आखत होते.

"काय ठरवलं ताई? कापू बाह्या?"

मी आधीच तयार केलेलं वाक्य म्हणणार होते, की हो, कापा, काय करणार, वय झालं. त्याऐवजी म्हणाले, "मास्तर, लग्नानंतर माझं ऑपरेशन आहे. वजनाचं पण आहे थोडं. पूर्वी एकदा झालंय, हे दुसऱ्यांदा. पुढे अंग उतरेल बहुतेक. किती ते माहीत नाही."

मागच्या पायरीवर फॉलची साडी घेऊन एक बाई उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं असणार. मास्तरांनी खडू कानामागे खोचला, ब्लाउज उचलला, बगलेशी हात घालून कापड ताणून पाहिलं.

"मग बाही कशाला कापायची? पुढे लागंल तुम्हाला," ते म्हणाले. "बगलेत अस्तराची पट्टी घालतो, कच्च्या टाक्याने. लग्नापुरती धरंल. नंतर उसवून टाकू." मग वहीत माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं आणि चष्म्यावरून बघितलं. "फक्त अक्षता जरा खालूनच टाका. हात लई वर करू नका."